फॉरेन कीचं बारसं वेळेवर करा

एफके__देवघेव__सभासद__३बी७५डी७६०

हे नाव कोणा माणसाने ठेवलेलं नाही. एका वाचनालयाच्या डेटाबेसमध्ये ‘देवघेव’ टेबल बनवताना ज्याने फॉरेन की, म्हणजे एका टेबलला दुसऱ्याशी बांधणारी अट, लावली, त्याने तिला नाव दिलं नाही. मग मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने आपल्या पद्धतीने एक तयार करून चिकटवलं. सुरुवातीला ‘एफके’ (फॉरेन की), मग टेबलचं नाव, मग कॉलमचं, लांब असेल तर छाटून, आणि शेवटी आठ आकडे-अक्षरांचं शेपूट. सगळा त्रास त्या शेपटात आहे. तीच स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरवर चालवा. टेबल तेच, कॉलम तेच, नियम तोच, पण शेपूट वेगळं येतं.

काही वर्षांपूर्वी याच शेपटामुळे मला रात्री साडेअकराला फोन आला होता. आमच्या टीममधली एक मुलगी ग्राहकाच्या सर्व्हरवर नवीन आवृत्ती चढवत होती. त्यात एक जुनी फॉरेन की काढायची, म्हणजे ड्रॉप करायची होती. अशा अटीला डेटाबेसच्या भाषेत कन्स्ट्रेंट म्हणतात.

“दादा, कन्स्ट्रेंट ड्रॉप होत नाहीये. म्हणतंय, या नावाचा कन्स्ट्रेंटच नाही.”

“नाव कुठून घेतलंस?”

“आपल्या टेस्टिंगवरून. कॉपी-पेस्ट केलंय, एक अक्षरही चुकलेलं नाही.”

“तिथेच गडबड आहे. ते नाव आपल्याकडचं. तिकडचं शेपूट वेगळं असणार.”

ती स्क्रिप्ट तपासून मीच पुढे पाठवली होती. टेस्टिंगवर चारदा सुरळीत चालली, म्हणून कोणाच्याच मनात शंका आली नाही. तिकडचं खरं नाव शोधून काम पुरं व्हायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ ग्राहकाचं काम बंद होतं. कन्स्ट्रेंट बनवताना एक नाव लिहिलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. तेव्हापासून नवीन टेबलची स्क्रिप्ट समोर आली की मी आधी फॉरेन कीला नाव आहे का ते बघतो, बाकीचं नंतर.

नियम कोणाच्या दारात राहतो

वाचनालयाचंच उदाहरण पुढे नेऊ. ‘सभासद’ टेबलमध्ये प्रत्येक वाचकाचा क्रमांक, नाव, पत्ता. ‘पुस्तके’ टेबलमध्ये दाखल अंक आणि पुस्तकाचं नाव. ‘देवघेव’ टेबलमध्ये कोणत्या सभासदाने कोणतं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत आणलं. देवघेवीत सभासदाचं नाव-पत्ता पुन्हा लिहीत नाहीत, फक्त त्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक सभासदांच्या यादीत असलाच पाहिजे, नाहीतर पुस्तक कोणाकडे आहे हे कधीच कळणार नाही. या अटीला फॉरेन की म्हणतात. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत, म्हणजे डेटा अशा टेबलांत मांडायची पद्धत, मांडली. त्याच लेखात प्रायमरी की (ज्यावरून टेबलमधली प्रत्येक ओळ ओळखता येते ती) आणि फॉरेन की हे दोन्ही शब्द आहेत.

ज्या यादीकडे बोट दाखवलं जातं, ते ‘सभासद’ पॅरेंट टेबल. बोट दाखवणारं ‘देवघेव’ चाइल्ड टेबल. अट दोघांना बांधते. देवघेवीत नसलेला सभासद घालता येत नाही, आणि ज्याच्या नावावर नोंदी आहेत असा सभासद यादीतून सहज उडवता येत नाही. पण अट लिहिलेली असते ती चाइल्ड टेबलवर. नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते. सभासद डिलीट होत नाही म्हणून ते सभासद टेबलवरच ड्रॉप कन्स्ट्रेंट चालवत बसतात, आणि डेटाबेस सांगत राहतो की असा कन्स्ट्रेंट इथे नाही. नसणारच. तो शेजारच्या दारात आहे.

अट लावायची आज्ञा अशी असते. (इथे आज्ञा आपण बोलतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या.)

ऑल्टर टेबल देवघेव
अ‍ॅड कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद_क्र
फॉरेन की (सभासद_क्र) रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र);

मधली ओळ गाळून नुसतं ‘अ‍ॅड फॉरेन की’ लिहिलं तरी आज्ञा चालते, कसलीही तक्रार येत नाही. म्हणूनच ती गाळायची सवय लागते. नाव द्यायचं राहिलं की डेटाबेस स्वतः नाव ठेवतो, आणि प्रत्येक डेटाबेस सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. एसक्यूएल सर्व्हरची वर पाहिली. ओरॅकल ‘सिस_सी’ आणि पुढे एक क्रमांक लावतं, त्यात टेबलचं नावही नसतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्यातला टेबलं साठवणारा भाग) ‘देवघेव_आयबीएफके_१’, मग २, मग ३ असं मोजत जातं. मधेच कोणी एखादी की काढून पुन्हा लावली असेल तर एका सर्व्हरवरची १ नंबरची की दुसऱ्या सर्व्हरवर ३ नंबरची असते. तेव्हा नाव सापडत नाही असंही होत नाही, त्या नावाची भलतीच की उडते. माझ्या मते हे एसक्यूएल सर्व्हरच्या शेपटापेक्षा जास्त घातक आहे, कारण एररसुद्धा येत नाही. पोस्टग्रेस यात सगळ्यात समजूतदार. ते ‘देवघेव_सभासद_क्र_एफकी’ असं वाचता येणारं नाव ठेवतं, आणि ते सगळीकडे बहुतेक सारखंच येतं. तरीही मी पोस्टग्रेसवर नाव लिहितोच. टेबलचं नाव उद्या बदललं तर कन्स्ट्रेंटचं नाव आपोआप बदलत नाही, आणि हे नाव आपण ठरवलं होतं की आपोआप पडलं होतं, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

नाव उपयोगी पडतं ते फक्त काढतानाच, असंही नाही. सकाळी दहाला काउंटरवर गर्दी आहे आणि सभासद काढून टाकताना ओरॅकलने ‘ओआरए-०२२९२’ हा एरर दिला, म्हणजे या सभासदाची चाइल्ड नोंद सापडली. त्या एररमध्ये कंसात कन्स्ट्रेंटचं नाव छापलेलं असतं. तिथे ‘सिस_सी००११२३४’ दिसलं तर तुम्हाला आधी कॅटलॉग (पुस्तकांचा नव्हे, डेटाबेसची स्वतःची नोंदवही) उघडून तो कोण ते शोधावं लागतं. ‘एफके_देवघेव_सभासद_क्र’ दिसलं तर लगेच कळतं की या माणसाकडे पुस्तकांच्या नोंदी बाकी आहेत. सभासदाकडे बोट दाखवणारी टेबलं पाच-सहा असतील, म्हणजे देवघेव, वर्गणी, दंड, राखीव पुस्तकं, तर त्या एका नावाचं मोल कळतं.

नाव कसं ठेवावं याचे वाद पुष्कळ आहेत. ‘एफके_चाइल्ड_पॅरेंट’ ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते आणि सुरुवातीला ती पुरतेही. ती अडते कुठे, ते सांगतो. देवघेवीत पुस्तक देणारा कर्मचारी आणि परत घेणारा कर्मचारी असे दोन कॉलम आहेत, आणि दोन्हींचं बोट ‘कर्मचारी’ टेबलकडेच आहे. आता दोन्ही कीजचं नाव ‘एफके_देवघेव_कर्मचारी’ कसं ठेवणार? म्हणून मी ‘एफके’, मग चाइल्ड टेबल, मग कॉलम असंच ठेवतो: ‘एफके_देवघेव_देणारा_क्र’ आणि ‘एफके_देवघेव_घेणारा_क्र’. टेबलचं नाव गाळून नुसतं ‘एफके_सभासद_क्र’ असं ठेवू नका. पोस्टग्रेसमध्ये कन्स्ट्रेंटचं नाव त्या टेबलापुरतं वेगळं असलं की चालतं, म्हणून तिथे हे खपून जातं. मायएसक्यूएलमध्ये ते अख्ख्या डेटाबेसमध्ये एकदाच वापरता येतं, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या एका गटात) एकदाच. डेटाबेस बदलायची वेळ आली की दुसऱ्या टेबलवरच आज्ञा अडते.

लांबीचंही भान ठेवा. ओरॅकलमध्ये १२.१ आवृत्तीपर्यंत नाव ३० बाइटमध्ये बसवावं लागे, १२.२ पासून १२८ बाइट मिळतात. मायएसक्यूएल ६४ अक्षरं देतं, एसक्यूएल सर्व्हर १२८. पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइट, आणि जास्त झालं तर ते एरर न देता शेपटीकडून छाटून फक्त सूचना देतं. कोणी हौसेने नाव खरोखरच देवनागरीत ठेवलं, तर यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही ३ बाइट लागतात. ‘एफके_देवघेव_सभासद_क्र’ हे एवढंसं नाव ५७ बाइट खातं. ते काठावर बसतं, पण ‘क्र’च्या जागी ‘क्रमांक’ लिहिलंत की मर्यादा ओलांडलीच.

फ्रेमवर्क (आपल्या वतीने डेटाबेसच्या आज्ञा लिहून देणारी तयार चौकट) वापरणाऱ्यांना हे सगळं दिसत नाही, पण त्यांच्या टेबलांवरही तेच चालू असतं. रेल्स ‘एफके_रेल्स_’ लावून पुढे काही अक्षरं जोडतं, जँगो टेबल, कॉलम आणि एक छोटा हॅश (गणिताने काढलेला आकडे-अक्षरांचा तुकडा) एकत्र करतं, लारावेल टेबल, कॉलम आणि ‘फॉरेन’ असं जोडतं. एसक्यूएलअल्केमीमध्ये नावांची पद्धत एकदाच ठरवून ठेवायची सोय आहे. ती प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच भरून टाका.

काढताना

फॉरेन की काढायची वेळ का येते? बहुतेकदा नियम बदलायचा असतो म्हणून. सभासद काढला तर त्याच्या नोंदींचं काय करायचं, हे की बनवतानाच ठरतं: अडवायचं, नोंदीही पुसायच्या, की क्रमांकाची जागा रिकामी करायची. हे नंतर बदलायचं तर जुनी की काढून नवीन लावणं हाच नेहमीचा मार्ग. कधी सभासद क्रमांकाचा इंटिजर (पूर्णांकाचा प्रकार) अपुरा पडतो आणि बिगइंट (त्याहून मोठा प्रकार) करायचा असतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर की असताना तो बदलू देत नाहीत. कधी ते टेबलच मोडीत काढायचं असतं.

आज्ञा एका ओळीची आहे:

ऑल्टर टेबल देवघेव ड्रॉप कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद_क्र;

मायएसक्यूएलमध्ये ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट’च्या जागी ‘ड्रॉप फॉरेन की’ लिहायची जुनी रीत आहे. ८.०.१९ आवृत्तीपासून तिथे ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट’ही चालतं.

या आज्ञेने एकही नोंद पुसली जात नाही. घाबरलेल्या आवाजात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की स्पष्टच लिहितो: सभासद जागच्या जागी, देवघेव जागच्या जागी, फक्त दोघांमधला पहारा उठतो. मायएसक्यूएलमध्ये तर की लावताना गरज पडल्यास आपोआप बनलेला इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) मागे राहतो. तो नको असेल तर वेगळा काढायचा, आणि तोही आधी की काढून मग. उलट क्रमाने गेलात तर ‘हा इंडेक्स फॉरेन कीला लागतो’ असं सांगून डेटाबेस अडवतो.

नाव माहीत नसेल तर अंदाज करू नका, कॅटलॉगला विचारा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल देवघेव’ केलं की टेबलची पूर्ण व्याख्या नावांसकट समोर येते. पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएलच्या खिडकीत ‘बॅकस्लॅश डी देवघेव’. त्यात खाली ‘रेफरन्स्ड बाय’ असाही भाग असतो, म्हणजे सभासद टेबलवर हीच आज्ञा दिली तर त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे दिसतात. ओरॅकलमध्ये ‘यूजर_कन्स्ट्रेंट्स’मधून ज्यांचा प्रकार ‘आर’ आहे ते निवडायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस.फॉरेन_कीज’ बघायचं. त्यात ‘इज_सिस्टिम_नेम्ड’ नावाचा एक कॉलम आहे. तो १ असलेल्या सगळ्या ओळी काढल्या की बारसं राहून गेलेल्या कीजची यादीच हाती येते. जुना डेटाबेस ताब्यात आला की मी पहिल्या आठवड्यातच ही यादी काढतो आणि ‘एसपी_रीनेम’ने सगळ्यांची नावं सारखी करतो. पोस्टग्रेस (९.२ पासून) आणि ओरॅकलमध्ये यासाठी ‘रीनेम कन्स्ट्रेंट’ आहे. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय नाही, तिथे काढून नव्या नावाने लावावी लागते.

मायएसक्यूएलवर शोधूनही की सापडत नसेल तर आणखी एक शक्यता तपासा: ती मुळात लागलीच नसेल. कॉलमच्या ओळीतच ‘रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र)’ असं लिहिलं, तर ९.० च्या आधीच्या आवृत्त्या ते वाचत आणि गुपचूप सोडून देत. एररही नाही, कीही नाही. खाली वेगळ्या ओळीत ‘फॉरेन की’ लिहिलं तरच ती लागत असे. मायआयएसएएम प्रकारच्या जुन्या टेबलांवर तर तसं लिहूनही लागत नाही. वर्षानुवर्षं पहारा आहे असं समजून चाललेली टेबलं मी अशी उघडी पडलेली पाहिली आहेत.

‘इफ एक्झिस्ट्स’बद्दल माझं मत थोडं कडक आहे. पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट इफ एक्झिस्ट्स’ लिहिता येतं. की असेल तर काढ, नसेल तर पुढे जा. सोयीचं वाटतं खरं. पण त्या रात्रीच्या आमच्या स्क्रिप्टमध्ये हे शब्द असते तर काय झालं असतं? चुकीच्या शेपटाचं नाव सापडलं नसतं, डेटाबेस न थांबता पुढे गेला असता, जुनी की तशीच राहिली असती आणि तिच्या शेजारी नवीन नियमाची दुसरी की लागली असती. एकाच कॉलमवर दोन नियम, आणि स्क्रिप्ट हिरवीगार. एररमुळे आमचा पाऊण तास गेला, पण चूक त्याच रात्री सापडली. नावं तुम्ही स्वतः ठेवलेली असतील तरच हे शब्द वापरा.

टेबल मोडीत काढताना ‘कॅस्केड’ शब्द समोर येतो आणि तिथे बरेचजण दचकतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सभासद टेबल ड्रॉप करायला गेलात तर ‘फॉरेन की याच्याकडे बोट दाखवते’ असं म्हणून ३७२६ क्रमांकाचा एरर येतो. आधी की काढावीच लागते. पोस्टग्रेसमध्ये ‘ड्रॉप टेबल सभासद कॅस्केड’ आणि ओरॅकलमध्ये ‘ड्रॉप टेबल सभासद कॅस्केड कन्स्ट्रेंट्स’ लिहिता येतं. याने देवघेवीवरची फॉरेन की तेवढी जाते, देवघेवीतल्या नोंदी जात नाहीत. पोस्टग्रेसचा ‘कॅस्केड’ त्या टेबलवर अवलंबून असलेले व्ह्यूसुद्धा (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) काढतो, तेवढं लक्षात असू द्या. ‘ऑन डिलीट कॅस्केड’ हा मात्र वेगळाच प्रकार आहे. तो की बनवताना लिहितात, आणि सभासदाची ओळ डिलीट केली की त्याच्या देवघेवीच्या ओळी तो खरोखर पुसतो. शब्द एकच, पण एकात कुंपण जातं आणि दुसऱ्यात पीक.

चालू कामकाजात की काढणार असाल तर लॉकचा विचार करा. पोस्टग्रेसला ही आज्ञा चालवायला थोडा वेळ टेबल पूर्ण ताब्यात लागतं. काम क्षणाचं असतं, पण आधीच एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर आपली आज्ञा तिच्यामागे उभी राहते आणि आपल्यामागे सगळ्या काउंटरची रांग लागते. ‘लॉक_टाइमआउट’ काही सेकंदांवर ठेवून चालवली तर ती माघार घेते, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. नियम बदलायचा असेल तर पोस्टग्रेसमध्ये ड्रॉप आणि अ‍ॅड एकाच ऑल्टर टेबलमध्ये स्वल्पविराम देऊन लिहा, म्हणजे मधे बिनपहाऱ्याचा क्षणच उरत नाही. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा लगेच कायम होते, रोलबॅक करून मागे येता येत नाही. तिथे कामकाज थांबवूनच हे केलेलं बरं.

पहारा उठलेल्या काळात अनाथ, म्हणजे ज्यांचा सभासदच यादीत नाही अशा, नोंदी शिरतात. नवीन की लावण्याआधी त्या शोधायच्या: देवघेवीला सभासद टेबल लेफ्ट जॉईन करा (देवघेवीच्या सगळ्या ओळी ठेवून सभासद जोडा) आणि ज्या ओळींत देवघेवीकडे क्रमांक आहे पण सभासदाची बाजू नल (रिकामी) येते, त्या बाहेर काढा. त्या राहिल्या तर की लागणार नाही. तेव्हा घाईत पळवाट काढायचा मोह होतो. मायएसक्यूएलमध्ये ‘फॉरेन_की_चेक्स’ शून्य करून की लावली तर लागते, पण तो पुन्हा १ केल्यावर आधी शिरलेल्या चुकीच्या नोंदी तपासल्या जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘विथ नोचेक’ने लावलेल्या कीवर ‘इज_नॉट_ट्रस्टेड’ असा शिक्का बसतो आणि क्वेरी वेगवान करताना डेटाबेस तिच्यावर विसंबत नाही. पोस्टग्रेसचा ‘नॉट व्हॅलिड’ मात्र प्रामाणिक आहे: की लावताना जुन्या नोंदी तपासत नाही, नव्यांवर लगेच पहारा बसवतो, आणि सवडीने ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवलं की जुन्याही तपासून घेतो. मोठ्या टेबलांवर मी हीच वाट धरतो.

एसक्यूलाइटवर काम करत असाल तर यातलं बरंचसं तिथे लागू नाही. तिथे फॉरेन की काढायची आज्ञाच नाही, नवीन टेबल बनवून डेटा त्यात हलवावा लागतो. शिवाय ‘प्राग्मा फॉरेन_कीज’ चालू केल्याशिवाय पहारा सहसा सुरूच होत नाही.

नवीन की लागली की निघायच्या आधी एक परीक्षा घ्या. ट्रान्झॅक्शन (नंतर रद्द करता येणारा कामाचा टप्पा) सुरू करा, यादीत नक्की नसलेला एखादा क्रमांक, समजा ९९९९९९, देवघेवीत घालून बघा. नकार आला पाहिजे आणि त्या नकारात तुम्ही लिहिलेलं नाव दिसलं पाहिजे. मग रोलबॅक. टेस्टिंगवर आणि प्रॉडक्शनवर आलेले दोन्ही एरर शेजारी ठेवा. नाव अक्षर न् अक्षर जुळलं, की स्क्रिप्ट पुढच्या ग्राहकाकडे पाठवायला हरकत नाही.